हिममांत्रिक बारापात्रे

मे महिन्यातल्या एका दुपारी दीपशिखा वीज वितरण कंपनीच्या नागपूर कार्यालयात, तक्रार खिडकीवर बसलेल्या धीरज बारापात्रेने एका ग्राहकाला त्याच्याच तक्रारीच्या फायलीने वारा घातला. सकाळपासून पंखा बंद आहे, असं ग्राहकाचं म्हणणं होतं. हा घ्या पुरवठा, असं धीरजचं म्हणणं पडलं. रांगेतल्या सगळ्यांनी हा प्रसंग आपापल्या फोनमध्ये टिपला आणि वीज कंपनीशी संबंधित कुठलीही गोष्ट पोचत नाही इतक्या वेगाने तो शहरभर पोचला.

मुलाचं नाव धीरज ठेवताना त्याच्या वडिलांनी काय पाहिलं होतं, हे आता कोणाला सांगता येणार नाही. पंचेचाळिशी ओलांडली तरी त्याचं डोकं बाराही महिने तापलेलं असे. बायको प्रणिता म्हणायची की याच्या कपाळावर पापड भाजून निघेल, तेल लागणार नाही.

कंपनीने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक, भर उन्हात शहराबाहेरच्या विजेच्या खांबांची पाहणी. त्या उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासवर जाऊन बसला होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. दुसरा पर्याय 'हिमखिंड'.

'हिमखिंड' हा ऑनलाइन खेळ होता. त्यात बर्फाच्छादित डोंगर होते, किल्ले होते, लांडगे आणि राक्षस होते, आणि जगभरातली लाखो माणसं आपापलं घरकाम सोडून त्यांना मारत होती. कोणी तलवारबाज व्हायचं, कोणी वैद्य, कोणी अग्निमांत्रिक. कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र एकच भूमिका खुली होती: हिममांत्रिक. दिवाळीपर्यंत साठावी म्हणजे शेवटची लेव्हल गाठली तर खिडकी परत मिळणार होती. नाहीतर खांब होतेच.

खेळ खेळून नोकरी वाचते, हे ऐकून धीरजचे वडील लीलाधरराव म्हणाले की आमच्या काळी खेळून नोकरी जायची. ते स्वतः निवृत्त क्रीडाशिक्षक होते, म्हणजे जन्मभर खेळूनच पगार घेत आले होते. हे धीरजने त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. त्यावरून पाऊण तास चांगला गेला.

खेळायला कपाळावर एक पट्टा बांधावा लागे. त्या पट्ट्यामागचं शास्त्र साधं आहे. माणसाला राग येतो तो एकदम येत नाही. आधी मेंदूच्या खोल भागात एक ठिणगी पडते, मग नाडी चढते, कपाळाकडे रक्त धावतं, आणि त्यानंतर माणसाला कळतं की आपल्याला राग आलाय. ठिणगी आणि कळणं यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या सेकंदाची फट असते. पट्ट्याला ती फट दिसते. समोरून लांडगा झेप घेतो, तुमच्या आत ठिणगी पडते. त्या फटीत ती विझली, तर तुमच्या हातातून हिमबाण सुटतो आणि लांडगा गोठतो. नाही विझली, तर हातातून नुसती वाफ निघते आणि लांडगा तुम्हाला खातो. केवढा भडका उडणार होता आणि प्रत्यक्षात केवढा उडाला, यांची वजाबाकी केली की तेवढे गुण मिळतात. गुण मिळाले की कानाशी बारीक 'टिंग' वाजतं.

मेंदू त्या टिंगला हावरटासारखा चटावतो. ज्या वाटेने गेल्यावर टिंग वाजतं त्या वाटेने तो पुन्हापुन्हा जातो आणि वाटेचा रस्ता होतो. हे काम कुठल्या कंत्राटदाराकडे नसल्यामुळे रस्ता लवकर होतो आणि टिकतो. पट्टा काढल्यावरही तो तिथेच असतो. कंपनीला नेमकं हेच हवं होतं.

अडचण झाली ती मराठीत. सुरुवातीला पट्टा तुमच्या मेंदूची ओळख करून घेतो. इतर भाषांमध्ये तो म्हणतो, शांत व्हा, एखादी शांत आठवण काढा. मराठी आवृत्ती करणाऱ्या गृहस्थांना वाटलं की हिममांत्रिकाला 'थंड' शब्द जास्त शोभेल. त्यांनी लिहिलं: थंड व्हा, एखादी थंड आठवण काढा.

धीरज डोळे मिटून बसला. डोंगर, विहीर, माठ असलं काही त्याला आठवलं नाही. त्याला आठवला तो स्वतःचा चेहरा, खिडकीच्या काचेत दिसणारा, ग्राहकाला 'सर्व्हर डाऊन आहे' सांगतानाचा. आतमध्ये काहीही हलत नसतं, समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण त्याच्या कानामागच्या भिंतीकडे बघत असतो. पट्ट्याने ती अवस्था आनंदाने नोंदवली. शांत माणूस आणि थंड माणूस यांची रेघ पट्ट्याच्या लेखी सारखीच सपाट असते. त्यांच्यातला फरक फक्त त्यांच्या घरच्यांना कळतो.

*

घरी तीन माणसं होती. प्रणिता, धीरज आणि लीलाधरराव. शाळा सुटली तरी लीलाधररावांचा आवाज मैदानाच्या मापाचाच राहिला होता. धीरजची आई गेल्यापासून बापलेक रोज भांडत. ते एकमेकांना जेवलास का असं विचारत नसत. कूलरपासून सुरुवात करत.

"कूलरमध्ये पाणी कोण भरणार बे, कलेक्टर?"

"भरलं ना, बाबा."

"भरलं असतं तर आवाज आला असता. हा कोरडा चालून राहिला."

"तुमचे कान कोरडे चालून राहिले."

इथून पुढे विषय वाळ्याच्या ताटीवर, ताटीवरून धीरजच्या बारावीच्या मार्कांवर, तिथून निवडणुकीवर जाई आणि शेवटी कोणीतरी दोघांसाठी चहा टाके. लग्न होऊन आली तेव्हा प्रणिता घाबरली होती. नंतर तिला कळलं की आवाज चढलेला असेल तर भाजी निवडत बसायला हरकत नाही, आवाज बंद झाला तर जाऊन बघावं.

खेळात धीरजची प्रगती होत नव्हती. ऑफिसनंतर तो लांडगे मारायचा आणि अकराव्या लेव्हलवर अडकून बसला होता. तेव्हा त्याने एका गटात नाव घातलं. गटाच्या प्रमुख होत्या सांगलीच्या शेडबाळेताई. निवृत्त तहसीलदार. त्यांचा थंडपणा जन्मजात नव्हता, सेवेत मिळवलेला होता. हिममांत्रिक झटपट कसा वाढवावा यावर मराठीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

धीरजचा खेळ थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "लांडग्यावर कोण चिडतंय ओ? लांडगा आपला कोण लागतो?"

मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं. भडका मोठा हवा, तर तो लावणारा माणूस जवळचा हवा. खेळात 'भ्रमंती' नावाची सोय आहे. पट्टा बांधून फिरायचं, फोन खिशात ठेवायचा, आणि खऱ्या माणसांनी खरा राग आणला तरी गुण जमा होतात. लांडग्याचा एक गुण, माणसाचे दहा. आणि लढायची पद्धत एकच ठेवायची: आधी समोरच्याचे पाय गोठवायचे, मग दोन पावलं मागे सरायचं, मग मारा करायचा. गर्दी असेल तर उत्तम, सगळ्यांचे पाय एकदम गोठतात.

मनुष्यबळ विभागाने त्याला प्रशिक्षणापुरतं खिडकीवर बसायची परवानगी दिली. धीरजने ताईंची पद्धत जशीच्या तशी वापरली. रांग भरू द्यायची. "आपला ग्राहक क्रमांक?" या प्रश्नाने पहिल्याचे पाय गोठत, कारण तो कोणालाच पाठ नसे. मग खुर्ची दोन वीत मागे. मग "आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे." टिंग. कोणी टेबलावर हात आपटला, टिंग. कोणी त्याच्या खानदानाचा उल्लेख केला, टिंग टिंग. जून संपेपर्यंत तो पस्तिसाव्या लेव्हलवर होता आणि ग्राहकांच्या समाधानाचा आकडा वाढला होता. समाधान म्हणजे काय, तर लोक लवकर निघून जात होते.

मग टिंग थांबलं. खेळाचा नियम असा की तुमच्याहून फार खालच्या लेव्हलचा प्राणी मारून काही मिळत नाही. ग्राहक आता त्या प्राण्यांत जमा झाले होते. ते ओरडत आणि धीरजच्या आत ठिणगीच पडत नसे. जिथे भडकाच उडणार नाही, तिथे वजाबाकी कशातून करणार?

शेडबाळेताईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

*

लीलाधरराव हा गुणांचा खजिना निघाला.

पहिल्या सकाळी त्यांनी कूलर काढला. धीरजच्या आत नेहमीची ठिणगी पडली, तो फटीत शिरला, आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, बाबा." कानाशी टिंगटिंगाट झाला. लीलाधररावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि प्रणिताला सांगितलं की याला ताप आहे का बघ.

ताप नव्हता. त्यांनी बारावीचे मार्क काढले. बरोबर आहे तुमचं, बाबा. त्यांनी त्याच्या पक्षाला नावं ठेवली, त्याच्या पोटाला ठेवली, गाडी चालवण्याला ठेवली. बरोबर आहे. म्हातारा माणूस दिवसभर भिंतीवर चेंडू मारत होता आणि चेंडू परत येत नव्हता. जन्मभर व्हॉलीबॉल शिकवलेल्या माणसाला याहून वाईट काय असणार? सर्व्हिसमागून सर्व्हिस, आणि जाळीच्या पलीकडे कोणी नाही.

अठ्ठेचाळिसाव्या लेव्हलला बाबांच्याही नेहमीच्या टोमण्यांचे गुण मिळेनात. तेव्हा धीरज त्यांना चिडवायला लागला. सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्यांची खुर्ची उलट्या बाजूला वळवून ठेवायची, रेडिओचं स्टेशन हलवायचं, चहात साखर टाकायची नाही. पहिल्यांदा लीलाधरराव खूष झाले. पोरगा परत आला असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दमदार शिव्या घालत स्वयंपाकघरापर्यंत मजल मारली. तिथे धीरज कपाळाला पट्टा बांधून उभा होता, हात मागे, भिंतीकडे नजर, आणि ऐकत होता. त्याच्या कानाशी काहीतरी किणकिणत होतं. लीलाधररावांना तो आवाज ऐकू आला. ते अर्ध्या शिवीवर थांबले.

प्रणिताने त्या दिवशी भाजी निवडायची ठेवून दिली.

"तू बाबांना वापरून राहिला," ती म्हणाली.

धीरजने तिला आकडेवारी सांगितली. अजून बारा लेव्हल, मग सगळं पहिल्यासारखं. ती म्हणाली की पहिल्यासारखं म्हणजे कसं होतं ते आठवतं का तुला? तो म्हणाला की तिचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. तिने हातात राहिलेली गवारीची शेंग टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेली. टिंग.

फक्त एक गोष्ट शेडबाळेताईंनी सांगितली नव्हती. राग गोठतो, पाय गोठत नाहीत. विझलेला भडका शरीरात कुठेतरी जमा होत राहतो. धीरजला एका जागी बसवेना. तो जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायचा, फ्रीज उघडून आत बघायचा आणि बंद करायचा, दार लावलं की नाही ते पाहून यायचा. ऑफिसात खुर्चीखाली त्याचे गुडघे शिवणयंत्रासारखे चालत. वरून चेहरा पाटी पुसल्यासारखा. साहेब म्हणाले की बारापात्रे, तुमच्यात फार फरक पडला आहे. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं नव्हतं.

लीलाधररावांनी भांडणं बंद केली. ते धीरजशी नम्रपणे वागू लागले. वर्तमानपत्र आधी त्याला देऊ लागले. कूलर कोरडा चालला तर स्वतः उठून बादली आणत. नागपुरात एखाद्या बापाने लेकाला 'जरा पंखा लावता का' असं विचारावं, यावरून काय ओळखायचं ते ओळखावं. धीरजने ओळखलं नाही. त्याने पंखा लावला.

प्रणिताने रायपूरला नणंदेला, शुभांगीला, फोन केला. शुभांगी म्हणाली की बाबांना काही दिवस इकडे पाठव. लीलाधरराव म्हणाले, बघू. एकदा विचारून बघतो.

कोणाला विचारणार ते त्यांनी सांगितलं नाही.

*

ऑक्टोबरमध्ये एका सोमवारी तक्रार खिडकीसमोर लांबलचक रांग होती. धीरज एकेकाचे पाय गोठवत होता. पुढचा टोकन घेऊन आला आणि धीरजने वर न बघता विचारलं, "नमस्कार. आपला ग्राहक क्रमांक?"

समोरच्याने बारा आकडे एका दमात म्हणून दाखवले. धीरजने वर पाहिलं. लीलाधरराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. टोकन त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तक्रार सांगा," धीरज म्हणाला.

"घरातला एक माणूस बंद आहे, साहेब."

मागे कोणीतरी हसलं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"बंद करून परत चालू करून पाहिलं का?"

हा प्रश्न धीरज दिवसातून शंभर जणांना विचारत असे, तो आपोआप आला. लीलाधररावांनी त्यावर नीट विचार केला.

"पाहिलं," ते म्हणाले. "शिव्या देऊन पाहिल्या. त्याच्या मेलेल्या आईवरून बोललो, जे बोलायला नको होतं. साहेब, त्यानं मान हलवली. मग मी गप्प बसून पाहिलं. तेही त्याला चाललं." त्यांनी टोकन खिडकीच्या फटीतून आत सरकवलं. "आता मी पोरीकडे रायपूरला चाललो. तुम्ही नको म्हटलं तर राहतो. तेवढंच विचारायला आलो होतो."

धीरजच्या आत काहीतरी उसळलं, आजवरच्या कशाहीपेक्षा मोठं, बेंबीपासून टाळूपर्यंत. अर्धा सेकंद त्याला ते दिसलं. मग मेंदू रोजच्या रुंद, गुळगुळीत रस्त्याने निघाला.

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे," तो म्हणाला.

टिंग वाजलं नाही. त्याच्याऐवजी तुतारी वाजली. खिशातल्या फोनमधून शंखनाद झाला, ढोल झाले, आणि कोणा हिमराणीचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विजयी मांत्रिकाचं स्वागत करू लागला. शेजारच्या खिडकीवरच्या मॅडमना वाटलं बढती झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हे काय वाजलं?" लीलाधररावांनी विचारलं.

"लेव्हल वाढली."

"किती झाली?"

"साठ."

लीलाधररावांनी मान डोलावली. "अभिनंदन, साहेब," ते म्हणाले आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

*

शुभांगी गाडी घेऊन आली. धीरजने सामान उचलून डिकीत ठेवलं, बाबांच्या गोळ्या कुठल्या वेळेच्या ते तिला समजावून सांगितलं, प्रवासात पाणी भरपूर प्या म्हणाला. शुभांगी त्याच्याकडे एखाद्या चांगल्या ट्रॅव्हल एजंटकडे बघावं तशी बघत होती. गाडी गेली. प्रणिता फाटकाशी थांबली. धीरज आत जाऊन फ्रीज उघडून बघू लागला.

कंपनीने त्याचा सत्कार केला. राज्यभरातल्या तापट कर्मचाऱ्यांना आता बारापात्रे प्रशिक्षण देतील, असं साहेबांनी जाहीर केलं. पट्टा काढून त्याच्या हातात देण्यात आला, एका मखमली पेटीत. पट्टा काढल्यावर कपाळ गार लागलं. बाकी काही बदललं नाही. रस्ता जागच्या जागी होता.

संध्याकाळी शेडबाळेताईंचा अभिनंदनाचा फोन आला. शेवटची उडी कशी मारली, असं त्यांनी विचारलं. धीरजने सांगितलं.

"वडील होय? चांगलं जमवलंत," ताई म्हणाल्या. "माझं तर दवाखान्यात झालं बघा. यजमान आजारी होते. सकाळी डॉक्टर यायचे, दुपारी लेकी रडायच्या, संध्याकाळी ते स्वतः माझा हात धरून काहीबाही बोलायचे. फार झपाट्यानं होतंय तिथं. पंचेचाळीसवरनं थेट साठ."

धीरजने विचारलं की नंतर काय झालं.

"नंतर ते गेले की."

"नाही, तुमचं काय झालं?"

"माझं काय व्हायचंय? रडायचं होतं, ते जमलं नाही. चार वर्षं झाली. गॅस बंद करायचा राहिलाय असं वाटत राहतं बघा सारखं. उठते, जाऊन बघते, बंदच असतो. परत येते, परत वाटतं." मग त्यांनी आवाज सावरला. "तुम्ही आत्ता काय करताय?"

धीरज टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. तो थांबला.

त्याने त्यांना विचारलं की यातून उलटं कसं यायचं. ताई म्हणाल्या की खेळात लेव्हल खाली आणायची सोय नाही. तशी कोणी मागणीच केलेली नव्हती.

पण फोन ठेवल्यावर धीरजला एक गोष्ट सुचली, आणि ती वीज खात्यातल्या माणसालाच सुचू शकते. गुण वजाबाकीचे असतात. साठावी लेव्हल मिळाली, याचा अर्थ त्या सोमवारी खिडकीवर प्रचंड काहीतरी उसळलं होतं. पुरवठा होता. तार मध्येच कुठेतरी तुटली होती.

त्याने रायपूरला फोन लावला. भांडायचं, असं ठरवून लावला. सुरुवात कूलरपासून करायची होती, पण नोव्हेंबर लागला होता. म्हणून त्याने विचारलं की तुम्ही जाताना माझा नेलकटर घेऊन गेलात का. त्याच्या कानाला स्वतःचा आवाज आला. तो एखाद्या सर्वेक्षणासारखा होता.

"तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे," लीलाधरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

धीरजने प्रशिक्षणाचे वर्ग पुढे ढकलले. साहेब म्हणाले की दिवाळीनंतर लगेच पहिली तुकडी येते आहे, आत्ता रजा घेतलीत तर ती खिडकी आणि ते पद दोन्ही दुसऱ्याला द्यावं लागेल. धीरज म्हणाला की साहेबांचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, आणि रजेचा अर्ज ठेवून निघाला. प्रणिताने त्याच्या पिशवीत चिवडा भरला आणि म्हणाली, एकटा येऊ नको.

*

रायपूरला शुभांगीच्या वसाहतीमागे एक मैदान होतं. तिथे सकाळी निवृत्त मंडळी व्हॉलीबॉल खेळत आणि लीलाधरराव पंच असत. रंगाऱ्याची लोखंडी शिडी जाळीच्या खांबाला टेकवून ते तिच्यावर बसत. शुभांगी म्हणाली की बाबांची तब्येत चांगली आहे, फक्त बोलत नाहीत. शिट्टी वाजवतात.

धीरज मैदानावर पोचला तेव्हा एका बाजूला एक माणूस कमी होता. लीलाधररावांनी त्याला बघितलं आणि रिकाम्या जागेकडे बोट केलं.

शाळेनंतर तो प्रथमच खेळत होता. चेंडू लागून मनगटं लाल झाली. पण गेले कित्येक महिने टेबलाभोवती फिरणाऱ्या पायांना अखेर जायला जागा मिळाली होती. ते त्याला न विचारता धावत होते. काही वेळाने सर्व्हिस त्याच्याकडे आली. त्याने चेंडू मारला. चेंडू पलीकडच्या मागच्या रेषेवर पडला आणि रेषा आखलेल्या पांढऱ्या फक्कीचा छोटा ढग उडाला.

शिट्टी वाजली. "बाहेर," लीलाधरराव म्हणाले.

समोरच्या बाजूचेसुद्धा चकित झाले. त्यांच्यातले एक, बँकेतून निवृत्त झालेले तिवारी, काही बोलायला गेले. लीलाधररावांनी त्यांच्याकडे बघितलं, ते थांबले.

"ठीक आहे," धीरज म्हणाला.

सर्व्हिस फिरून परत त्याच्याकडे आली. या वेळी चेंडू रेषेच्या हातभर आत पडला. शिट्टी. "बाहेर."

"ठीक आहे," धीरज म्हणाला. पण या वेळी ते जरा उशिरा आलं.

तिसऱ्या वेळी त्याने चेंडू जपून, अगदी सांभाळून मारला. तो मैदानाच्या मधोमध म्हणावं इतका आत पडला. दव पडल्यामुळे ओल्या मातीत बशीएवढा खळगा झाला. पलीकडच्या कोणी तो उचलण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

शिट्टी.

"बाहेर," लीलाधरराव आभाळाकडे बघत म्हणाले. "चला, पुढची."

धीरज जागेवरच उभा राहिला. 'ठीक आहे' तोंडात तयार होतं. ते पुढे जाईना. तो जाळीखालून वाकून पलीकडे गेला, खळग्यापाशी उकिडवा बसला आणि त्यात बोट ठेवलं.

"आत आहे."

"बाहेर."

"माती दबली, बाबा. ही बघा."

"मला इथून नाही दिसून राहिली."

"तुम्हाला सगळं दिसून राहिलं." त्याचा आवाज सुरुवातीला कोरा होता, मग मध्येच चिरकला, मिसरूड फुटणाऱ्या पोराचा चिरकतो तसा, आणि जो वर गेला तो खाली येईना. "तिवारीजींना दिसला, त्या रस्त्यावरच्या माणसाला दिसला, तुम्ही तिथं वर चढून बसले अन् तुम्हाला नाही दिसत? मुद्दाम करून राहिले तुम्ही. जायचं पण मुद्दाम, न भांडता निघून जायचं, त्या गाडीत बसून मागं वळून नाही पाहायचं—"

पुढे त्याला बोलता आलं नाही. त्याचं नाक वाहत होतं. तो बोट खळग्यातून काढायला तयार नव्हता.

लीलाधररावांनी शिट्टी गळ्यात सोडली आणि शिडीवरून उतरायला सुरुवात केली. तिवारी हात द्यायला पुढे झाले, त्यांना त्यांनी झटकून टाकलं. एकेक पायरी, गुडघा धरून, मग दुसरी. जमिनीवर आल्यावर ते सावकाश चालत आले, चष्मा पुसला, वाकले, आणि लेकाच्या बोटाजवळचा तो खळगा शक्य तितक्या कडक चेहऱ्याने तपासला.

"हा कालचा आहे," ते म्हणाले.

आणि ते तिथेच मातीत मांडी घालून बसले, कारण हे प्रकरण लवकर आटपणार नव्हतं.